ठाण्यात नौपाड्यातला तबल्याचा पर्सनल क्लास, मुलगा आणि मी दोघं शिकतोय, वर्षभरानंतरचा अनुभव

गेल्या पावसाळ्यात सुरू केलेलं, आता वर्ष होत आलं. सोसायटीत आणि मुलाच्या शाळेच्या ग्रुपवर बऱ्याच जणी विचारतात की एकेकट्याला शिकवणाऱ्या सरांकडे जास्त फी भरून जाण्यात खरंच फरक पडतो का, म्हणून एकदाच नीट लिहितेय. पडतो, आणि चांगलाच पडतो. पण पहिल्या दोन महिन्यांत तो दिसत नाही, तेवढा धीर पालकांना पाहिजे.

मुलगा सहावीत आहे. आधी घोडबंदरलाच एका ग्रुप क्लासला जायचा, तिथे सगळी मुलं एका ओळीत बसून एकदम वाजवायची, मजा यायची त्याला, ते नाकारत नाही, पण त्या आवाजात कोणाचं बोट कुठे पडतंय हे कोणाला कळणार. मी चाळिशीच्या पुढची, आमच्या भजनी मंडळात टाळ धरते, आणि दर एकादशीला तबलजी शोधत फिरावं लागतं म्हणून मला स्वतःलाच शिकायचं होतं. दोघं एकाच सरांकडे जातो, वेळ वेगवेगळी, पाऊण तास प्रत्येकी.

पहिल्याच दिवशी सरांनी मुलाला म्हटलं, जे येतं ते वाजव. त्याने तीनताल (सोळा मात्रांचा ताल) वाजवला, वर एक कायदा (ठरलेल्या बोलांची रचना) वाजवला, एकदम स्पीडमध्ये. सर काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले, "बाळा, आता नुसता 'ना' वाजव." मग कळलं की त्याची अनामिका दर वेळी उचलली जातेय. ते बोट शाईच्या (मधल्या काळ्या गोलाच्या) कडेला हलकं टेकलेलं राहिलं आणि तर्जनी किनारीवर (बाहेरच्या पट्टीवर) पडून लगेच उठली तर 'ना' खणखणीत येतो, नाहीतर बद्द वाजतो. पुढचे कितीतरी आठवडे ना, तिं, आणि डग्ग्यावर (डाव्या हाताच्या मोठ्या तबल्यावर) घे, हे बोल, एवढंच. घरी मुलगा कुरकुरला, त्याच्या बाबांनी पण विचारलं की हे पैसे कशाचे भरतोय आपण. मला मात्र तो आवाज बदलताना स्वयंपाकघरात ऐकू येत होता, भाजी चिरता चिरता मी थांबून ऐकायचे.

नंतर 'धाधातिट धाधातिंना' हा दिल्लीचा कायदा आला, जो बहुतेक सगळेच सुरुवातीला शिकतात. दुगुनला (दुप्पट लयीत) गेला की मुलगा 'तिट'ला अडखळायचा. मला वाटलं सर पूर्ण कायदा पुन्हा पुन्हा वाजवून घेतील, तसं केलंच नाही. नुसतं 'तिट' बाहेर काढलं, मधलं आणि अनामिका एकत्र, मग तर्जनी, दोन्ही शाईवर, अगदी ठायीत (सावकाश लयीत), लेहरा (तालाबरोबर फिरत राहणारी धून) लावून. ते साफ झाल्यावर मग 'धातिट', मग 'धाधातिट', आणि सगळ्यात शेवटी कायद्यात परत बसवलं. चूक जेवढ्या जागेत आहे तेवढाच तुकडा घ्यायचा, ही सरांची पद्धत, आणि माझ्या मते फी इथेच वसूल होते कारण ती जागा नेमकी कुठली हे पोराला स्वतःला कळत नाही आणि यूट्यूबला तर नाहीच नाही. दुगुन त्यानंतर वेगळी शिकवावी लागली नाही, आली.

अजून एक गोष्ट मला फार आवडली. सर कायद्याचे दोनच पलटे (त्याच बोलांची बदललेली मांडणी) सांगतात, तिसरा मुलाने करून आणायचा. नियम एवढाच की कायद्यात जे बोल आहेत तेच वापरायचे, बाहेरचा बोल आणायचा नाही, आणि खाली-भरी (डग्ग्याचा घुमारा कुठे बंद, कुठे चालू) सांभाळायची. पहिल्यांदा त्याने केलेला पलटा खालीला चुकत होता, सरांनी दुरुस्त करून दिला नाही, टाळी धरून तोंडाने म्हणायला लावला, तेव्हा त्याचं त्यालाच कळलं की नवव्या मात्रेनंतर आपण घोळ घातलाय. पढंतीवर, म्हणजे बोल तोंडाने म्हणण्यावर, त्यांचा फार जोर आहे. हातावर टाळी-खाली एकाच लयीत ठेवायची आणि तोंडाने बोल आधी बरोबरीत, मग दुगुन, मग चौगुन. जे तोंडातून नीट येत नाही ते हातातून येणार नाही असं म्हणतात, आणि दोघांच्याही बाबतीत मी ते रोज बघतेय.

माझी गाडी पूर्ण वेगळ्या रुळावर. मला पहिल्याच आठवड्यात विचारलं, "ताई, तुम्हाला नेमकं काय वाजवायचंय?" मी म्हटलं अभंग. मग मला कायद्यांत अडकवलं नाही, दादरा आणि केरवा घेतले. 'धागे नाती नक धीना' एवढंच, पण डग्ग्यावर मनगटाचा दाब कधी द्यायचा आणि कधी सोडायचा यावर महिने गेले, कारण भजनाला जी गोलाई येते ती त्या डाव्या हाताने येते. सर पेटी घेऊन अभंग म्हणतात आणि मुद्दाम मध्येच लय थोडी चढवतात, मी ठेका धरून राहते का पळते ते बघतात. पळत असेन तर गाणं थांबवत नाहीत, लय जागच्या जागी धरून ठेवतात, मला परत यायला जागा देतात. परवाच्या एकादशीला मंडळात मी साथीला बसले, सगळं नाही, तीन अभंग, पण समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) सगळ्यांसोबत आले आणि तो आनंद मला शब्दांत नाही सांगता येणार.

क्लासच्या मधल्या दिवसांचं पण सांगायला हवं, कारण आठवड्यातून एकदा पाऊण तास म्हणजे काहीच नाही. वहीत लिहून मिळतं, किती लयीत, कुठला तुकडा, रोज किती वेळ. बुधवारी एक मिनिटाचं रेकॉर्डिंग व्हॉट्सॲपवर पाठवायचं, उत्तर येतं एका ओळीचं, 'चौथ्या मात्रेला घाई' वगैरे. त्या भीतीने म्हणा की ओढीने, मुलगा तबल्याला हात लावतोच.

ऑनलाइन क्लास पण झाले, कापूरबावडीला पाणी आणि ट्रॅफिक असलं की मानपाड्याहून नौपाड्यात संध्याकाळी पोचणं अशक्य. झूमवर 'ओरिजिनल साउंड' ऑन करा, नाहीतर ते डग्ग्याचा नाद गोंगाट समजून कापून टाकतं. आणि आवाज थोडा उशिरा पोचतो त्यामुळे सरांबरोबर एकत्र वाजवणं जमतच नाही, एकाने वाजवायचं दुसऱ्याने ऐकायचं, बस. एखाद्या आठवड्यापुरतं ठीक.

परीक्षेबद्दल सगळे विचारतात. गांधर्व मंडळाची प्रारंभिक, म्हणजे पहिली परीक्षा, देणार आहे मुलगा, परीक्षा वर्षातून दोनदा असतात, विशारद पूर्ण ही सातवी परीक्षा, म्हणजे लांबचा रस्ता आहे. सरांनी पहिल्या सत्राला बसू दिलं नाही, मला ते पटलं. लेखीची तयारी मात्र इथे कच्ची वाटते, पुढे थिअरीचा पेपर येईल तेव्हा वेगळं बघावं लागेल.

न आवडलेलं म्हणजे गणपती ते दिवाळी पहाट या काळात सरांचे कार्यक्रम असतात, क्लास रद्द होतात आणि बदली क्लास वेळेवर मिळत नाहीत, फी मात्र महिन्याच्या सुरुवातीलाच. हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय. पार्किंग नाही, टीएमटीने जा. पावसाळ्यात दमट हवेने पुडी (तबल्याचं कातडं) उतरते, सूर खाली जातो, त्यामुळे स्वतःची हातोडी घ्या आणि गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या विणलेल्या गोफावर) ठोकून सूर चढवायला शिकवा असं सरांना पहिल्या महिन्यातच सांगा.

एक मात्र आहे, ठाण्यात राहतो तर ऐकायला न्या मुलांना. तबलावादक थिरकवाँ खाँसाहेबांचे शिष्य पं. भाई गायतोंडे याच शहरात राहिले, पं. राम मराठे यांच्या नावाचा संगीत महोत्सव आपली महापालिका भरवते. सर कार्यक्रमाला पाठवतात आणि पुढच्या क्लासला एकच प्रश्न विचारतात, तबलजी कुठे गप्प बसला? तेव्हापासून मुलगा नुसता स्पीड नाही ऐकत.

तुम्ही कोणाकडे ट्रायलला जाणार असाल तर आपल्या मुलाआधी दुसऱ्या कोणाचा क्लास दहा मिनिटं बसून बघायची परवानगी मागा. विद्यार्थी चुकला की सर स्वतः वाजवून दाखवतात आणि 'पुन्हा' म्हणतात, की थांबून चुकलेली जागा शोधतात, तेवढं बघा. आमच्या सरांनी ट्रायलचे पैसे घेतले नव्हते, तबला पण त्यांचाच वापरला, स्वतःचा आम्ही तीन महिन्यांनी घेतला तो पण सरांनी सोबत येऊन, वाजवून, पुडी बघून निवडला.