प्रतिक्रिया फोनवर द्यावी की लिहून?

विद्यापीठाच्या जनसंपर्क विभागाने तज्ज्ञांच्या यादीत नाव घातलं की पुढचा प्रश्न येतो: बातमीदारांनी संपर्क कसा साधायचा? आरोग्य आणि फौजदारी न्याय या विषयांत काम करणाऱ्यांनी याचं उत्तर घाईत देऊ नये. या बातम्या वाचून माणसं लगेच काहीतरी ठरवतात. चालू गोळी बंद करायची का, तुरुंगातून सुटलेल्या माणसाला खोली भाड्याने द्यायची का. माझा विषय तुरुंगातलं आरोग्य, त्यामुळे दोन्ही बीटचे (म्हणजे त्या-त्या विषयाच्या बातम्या नेमाने करणारे) बातमीदार मला विचारतात आणि सगळे मार्ग मी वापरून पाहिले आहेत.

टीव्हीचं आधी उरकतो. एखादी प्रक्रिया समजावून सांगायची असेल तर एकट्याची मुलाखत चांगली होते. पॅनेल चर्चेत मात्र फिरून फिरून ‘आरोपी तुम्हाला मनोरुग्ण वाटतो का?’ यावरच गाडी येते. 1964 मध्ये अमेरिकेतल्या ‘फॅक्ट’ या नियतकालिकाने मनोविकारतज्ज्ञांना त्या वर्षीचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांच्या मानसिक स्थितीबद्दल विचारलं आणि हजाराहून अधिक जणांनी, त्यांना न तपासताच, ते राष्ट्राध्यक्षपदाला योग्य नाहीत असं कळवलं. गोल्डवॉटर यांनी बदनामीचा दावा लावला आणि जिंकला. 1973 मध्ये अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनने नियमच केला: ज्याला तुम्ही तपासलेलं नाही आणि ज्याची संमती नाही, त्याच्या मनाबद्दल जाहीर मत द्यायचं नाही. तुम्ही मनोविकारतज्ज्ञ नसलात तरी हा नियम पाळावा असं मला वाटतं, आणि थेट प्रक्षेपणात तो पाळणं फार अवघड जातं.

खरी निवड फोन आणि लेखी उत्तर यांच्यात आहे.

फोनच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. डेडलाइन तासाभरावर असते, तेव्हा जो फोन उचलतो त्याचंच मत छापून येतं. तुम्ही मागे राहिलात तर ती जागा विषयाशी दूरचा संबंध असलेल्या कुणाला तरी मिळते. शिवाय फोनवर बातमीदार उलट प्रश्न विचारतो, आणि त्याचा मूळ समजच चुकीचा असेल तर बातमी लिहिण्याआधी तो दुरुस्त करता येतो. याचं मोल मी कमी लेखत नाही.

पण फोनवर सांगितलेल्या वाक्यातली अट, म्हणजे आकडा कुणाला आणि कधी लागू होतो ते, गळून पडते, आणि माझा निर्णय त्यावरच झाला. एक उदाहरण सविस्तर सांगतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात 1999 ते 2003 या काळात तुरुंगातून सुटलेल्या 30,237 जणांचा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांना मृत्यूचा धोका राज्यातल्या इतर लोकांच्या 12.7 पट होता, आणि अमली पदार्थांच्या अतिसेवनाने मृत्यू येण्याचा धोका 129 पट. कारण समजायला सोपं आहे. आत असताना शरीराची सवय मोडते, बाहेर आल्यावर माणूस जुनाच डोस घेतो आणि तो झेपत नाही. उपायही माहीत आहे: मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन या व्यसनावरच्या औषधांचे उपचार आत असतानाच सुरू करायचे, सुटल्यावर त्यात खंड पडू द्यायचा नाही आणि सुटताना हातात नॅलॉक्सोन, म्हणजे अतिसेवनाचा परिणाम उलटवणारं औषध, द्यायचं.

हे सगळं मी एका बातमीदाराला फोनवर सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं, प्रश्नही चांगले विचारले. छापून आलं ते एवढंच, की सुटलेल्या कैद्यांमुळे पहिल्या दोन आठवड्यांत धोका 129 पट वाढतो, असं तज्ज्ञ म्हणतात. धोका कुणाला, हेच उलटं झालं होतं. जी माणसं मरत होती, तीच बातमीत इतरांच्या जिवावर उठलेली दिसत होती. बातमीदाराने लबाडी केली असं मला वाटत नाही. त्याच्या टिपणात आकडा ठळक राहिला असणार, आणि उरलेलं डेस्कवर जागेअभावी गेलं असणार. फोनवर मी काय बोललो त्याचा कागद माझ्याजवळ नव्हता, त्यामुळे दुरुस्ती मागतानाही नुसता शब्दाला शब्द झाला.

आरोग्याच्या बातम्यांत अट गळण्याचं जुनं उदाहरण ब्रिटनमधलं आहे. 1995 मध्ये काही गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्तात गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो असा इशारा दिला गेला. ‘दुप्पट’ म्हणजे साधारण 7,000 जणींमागे एक होती तिथे दोन, पण लोकांपर्यंत ‘दुप्पट’ तेवढं पोचलं. घाबरून अनेक बायकांनी गोळ्या सोडल्या आणि पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये गर्भपातांची संख्या वाढली.

लेखी उत्तरात अट आकड्याच्या आधी आणि त्याच वाक्यात बसवता येते. आता मी असं लिहून देतो: ‘तुरुंगातून सुटलेल्या माणसाला स्वतःच अतिसेवनाने मरण्याचा धोका, वॉशिंग्टन राज्यातल्या एका अभ्यासानुसार, पहिल्या दोन आठवड्यांत इतरांच्या 129 पट होता.’ हे वाक्य मधूनच कापलं तर ते वाक्यच राहत नाही, म्हणून उपसंपादक एकतर पूर्ण घेतो किंवा पूर्ण सोडतो. दोन्ही मला चालतं. लंडनचं सायन्स मीडिया सेंटर 2002 पासून हेच करत आलं आहे: मोठी बातमी आली की तज्ज्ञांच्या लेखी प्रतिक्रिया गोळा करून बातमीदारांना पाठवायच्या. मोजमाप माझ्याकडे नाही, पण लिहून द्यायला लागल्यापासून दुरुस्तीसाठी फोन करण्याची वेळ माझ्यावर क्वचितच आली आहे.

बातमीदारांना ई-मेल फारसा आवडत नाही, हे खरं. कोट कोरडा होतो, आणि हल्ली लेखी उत्तर खरोखर तज्ज्ञानेच लिहिलंय की यंत्राने, अशीही शंका घेतली जाते. ती रास्त आहे. मी ई-मेलमध्येच लिहितो की खात्री करायला फोन करा, फक्त कोट इथलाच वापरा. आणि वाक्यं बोलल्यासारखी लिहितो, तीन-चारच.

मग पूर्ण लेखच स्वतः का लिहू नये? 2011 मध्ये मेलबर्नला सुरू झालेल्या ‘द कॉन्व्हर्सेशन’सारख्या ठिकाणी प्राध्यापक लिहितात, संपादक भाषा सोपी करतात आणि शेवटचा मसुदा लेखकाने मान्य केल्याशिवाय छापत नाहीत. ही सोय उत्तम आहे. पण लेखात आपल्याला अडवणारं कुणी नसतं. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात तेव्हा प्राध्यापक असलेले जॉन डिइलियो यांनी 1995 मध्ये ‘सुपरप्रीडेटर’, म्हणजे कशाचीच खंत नसलेल्या अतिहिंसक मुलांची लाट येणार असं भाकीत स्वतःच्या लेखात, स्वतःच्या शब्दांत केलं. लाट आली नाही. अल्पवयीनांचे हिंसक गुन्हे उलट कमी होत गेले, पण त्या भाकिताच्या वातावरणात अनेक राज्यांनी मुलांना प्रौढांसारख्या शिक्षा देणारे कायदे कडक केले. पुढे मुलांच्या जन्मठेपेचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात आला, तेव्हा भाकीत खोटं ठरल्याचं सांगणाऱ्या निवेदनावर त्यांनी सही केली. निकाल 2012 चा. म्हणून लेख लिहावा तो विषय शांत असताना, ताज्या घटनेवर नव्हे.

तुमचा विषय कोणता, यावरही थोडं अवलंबून आहे. आरोग्याच्या बातमीमागे बहुधा एखादा शोधनिबंध असतो, तो वाचून बोलता येतं आणि बीटचा बातमीदारही तो वाचून आलेला असतो. तिथे फोन चालून जाईल. गुन्ह्याच्या बातमीत पहिल्या दिवशी पोलिसांचं म्हणणं तेवढं हातात असतं, प्रकरण न्यायालयात जायचं असतं, आणि तुमचं सैल वाक्य एखाद्या आरोपीच्या नावाला कायमचं चिकटू शकतं. तिथे लिहूनच द्या, आणि जामीन, पुरावा, शिक्षा यांची प्रक्रिया कशी चालते यापलीकडे जाऊ नका.

माझ्या नावापुढे यादीत आता ई-मेल आहे, आणि कंसात ‘तासाभरात उत्तर’. तो तास पाळावा लागतो, नाहीतर बातमीदार पुन्हा विचारत नाही.