मर्व की कुन्या-उर्गेंच: तुर्कमेनिस्तान खुष्कीच्या मार्गाने ओलांडताना

उझबेकिस्तानातून तुर्कमेनिस्तानात खुष्कीच्या मार्गाने शिरू पाहणाऱ्या प्रवाशापुढे मुख्यतः दोन वाटा असतात. पहिली खिव्याहून निघते, दाशोगुझजवळ सीमा ओलांडून कुन्या-उर्गेंचला येते आणि तिथून दरवाझाच्या नैसर्गिक वायूच्या जळत्या विवरावरून, काराकुम वाळवंट उत्तर-दक्षिण चिरत अश्गाबादला पोहोचते. दुसरी बुखाऱ्याहून फरापच्या चौकीवर येते, अमुदर्या ओलांडून तुर्कमेनाबादला जाते आणि मारी शहराशेजारच्या प्राचीन मर्ववरून अश्गाबाद गाठते. निमंत्रणपत्र, सक्तीचा गाइड, रोख डॉलर या बाबी हा लेख वाचणाऱ्याला ठाऊक असतील असे धरून चालतो. दोन्ही वाटांनी मी गेलो आहे. ज्यांना सुटीच्या हिशेबात एकच वाट बसवायची आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. (कुन्या-उर्गेंच म्हणजे उझबेकिस्तानातले उर्गेंच नव्हे. नकाशावर शोधताना अनेकांची तिथे गल्लत होते. पुढे मी नुसते ‘उर्गेंच’ म्हणेन ते कुन्या-उर्गेंचलाच.)

दोन्ही शहरे १२२१ सालीच मंगोलांच्या हाती पडली. मर्वचा विध्वंस चंगीझखानाचा धाकटा मुलगा तोलुई याने केला, तर उर्गेंचला त्याच्या इतर मुलांनी वेढा घातला होता. पुढे मात्र दोघांचे नशीब वेगळे झाले. उर्गेंच पुन्हा उभे राहिले, चौदाव्या शतकात प्रवासी इब्न बतूताला ते गजबजलेले दिसले, आणि त्याचा खरा अंत तैमूरलंगाच्या स्वाऱ्यांनी झाला. त्यांतली शेवटची १३८८ ची. म्हणून तिथे आज ज्या इमारती उभ्या आहेत त्यांपैकी सर्वांत देखण्या या दोन विध्वंसांच्या मधल्या काळातल्या आहेत. मर्वला तशी उभारी पुन्हा आली नाही. पण मर्वची गंमत निराळी आहे. तिथे नवे शहर जुन्याच्या डोक्यावर न बसता त्याच्या शेजारी वसत गेले. एर्क-कला (इथे ‘कला’ म्हणजे किल्ला) प्राचीन इराणच्या हखामनी सम्राटांच्या काळातली, तिला पोटात घेणारी ग्याउर-कला ग्रीकांच्या काळातली, पश्चिमेला लागून सल्जुक तुर्कांची सुलतान-कला आणि दक्षिणेला तैमुरी वंशजांची अब्दुल्लाखान-कला. दोन हजार वर्षांची वस्ती जमिनीवर अशी मांडलेली असल्यामुळे एका तटबंदीतून दुसऱ्या तटबंदीत पायी जाता येते, आणि हे मला तरी अन्यत्र कुठे पाहायला मिळालेले नाही.

केवळ नजरेच्या सुखाचा विचार केला, तर उर्गेंच सरस आहे हे आधीच मान्य करतो. साठ मीटर उंचीचा कुतलुग तैमूर मिनार (हा तैमूर खोरेझमचा, म्हणजे उर्गेंचच्या परिसराचा, सुभेदार, तैमूरलंगाशी त्याचा संबंध नाही) दुरूनच दिसतो. त्याची बेगम तुराबेक खानुम हिच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वास्तूच्या घुमटाखाली उभे राहिले की मान खाली करवत नाही. आतल्या बाजूस निळ्या, पांढऱ्या आणि सोनेरी तुकड्यांची मोझेइकची ताऱ्यांची जाळी आहे. तिच्यातल्या आकृत्या वर्षाच्या दिवसांइतक्या, म्हणजे ३६५ आहेत, असे गाइड सांगतात. त्या मोजण्याइतका वेळ मला मिळाला नाही, आणि माझी मुख्य तक्रार नेमकी हीच आहे.

दरवाझाच्या दोन्ही बाजूंचा रस्ता वाईट आहे, हे सगळेच सांगतात. उर्गेंच आणि दरवाझा यांच्यामधल्या टप्प्यात तर डांबर असे आहे की नसते तर बरे, असे वाटावे. खड्ड्यांच्या कडा इतक्या धारदार असतात की ड्रायव्हर रस्ता सोडून शेजारच्या वाळूत स्वतःची चाकोरी पाडतो, पुढे ती चाकोरी भुसभुशीत झाली की पुन्हा डांबरावर येतो, आणि समोरून मालट्रक आला तर दोघेही एकाच चाकोरीवर हक्क सांगतात. पाठ दुखते, पण ते सोसता येते. मला खटकले ते वेगळेच. जळते विवर अंधारातच पाहण्यासारखे असल्यामुळे प्रत्येक गाइडला दिवस मावळण्यापूर्वी दरवाझा गाठायचे असते, रस्त्याला किती तास लागतील याची कोणालाच खात्री नसते, आणि सकाळचा बराचसा वेळ सीमेवरच्या तपासणीत, म्हणजे बॅगेतले औषधाचे एकेक पाकीट उलगडून दाखवण्यात, आधीच गेलेला असतो. मग काटछाट कुठे करायची? विवर टाळता येत नाही, सीमा टाळता येत नाही, म्हणून ती उर्गेंचमध्ये होते. इल-अर्सलान आणि तेकेश या खोरेझमच्या शाहांच्या बाराव्या शतकातल्या कबरी मी जवळजवळ चालता चालता पाहिल्या. ज्या नगरात अल्-बेरुनीने हिंदुस्थानला येण्यापूर्वीची काही वर्षे घालवली, आणि ज्याच्या पाडावानंतर तिथला शहाजादा जलालुद्दीन मंगोलांपुढून पळत सिंधूपर्यंत आला, ते नगर पाहायला दूरवरून यायचे आणि गाइडच्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघत तिथून निघायचे, हे मला पटले नाही. गाइडचा त्यात दोष नव्हता. तो रस्ता ओळखून होता.

विवराबद्दल थोडक्यात सांगतो. १९७१ साली सोव्हिएत अभियंत्यांनी वायू पेटवून दिला आणि तो विझलाच नाही, ही कथा सर्वत्र सांगितली जाते, पण तिला कागदोपत्री भक्कम आधार मिळालेला नाही. तो प्रकार विलक्षण आहे यात शंका नाही. मात्र २०२२ मध्ये ते विझवण्याचा आदेश निघाला होता, आणि २०२५ मध्ये ज्वाला पूर्वीच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्यावर आल्याचे तुर्कमेनी अधिकाऱ्यांनीच सांगितले. छायाचित्रांत दिसतो तसा वणवा पाहायला मिळेल या भरवशावर संपूर्ण प्रवास बेतू नये, इतके तर म्हणता येईल.

पूर्वेकडची, मर्ववरून जाणारी वाट दिसायला कंटाळवाणी आहे. सीमेवरचा वेळ तितकाच जातो, तपासणीही तशीच. पण अश्गाबाद ते तुर्कमेनाबाद या सुमारे ६०० किलोमीटरच्या अंतरासाठी नवा महामार्ग आखलेला आहे. त्याचा अश्गाबाद-तेजेन हा पहिला टप्पा २०२१ मध्ये खुला झाला. अमुदर्या ते मारी या पट्ट्यात वाळू आणि सक्सौलची खुरटी झाडे याखेरीज फारसे काही दिसत नाही, आणि सहप्रवासी झोपी जातात. परंतु मारीला कधी पोहोचणार हे सकाळी विचारले तर गाइड जे सांगतो, ते संध्याकाळी खरे ठरते. या एका गोष्टीमुळे मर्वला अख्खा दिवस मिळतो, आणि मर्वला तो लागतो.

तो का लागतो हेही सांगायला हवे, कारण घाईत मर्व पाहणाऱ्याला मातीचे ढिगारे पाहून आल्यासारखे वाटण्याची शक्यता बरीच आहे. ग्याउर-कलेच्या आत पाय ठेवला की खापऱ्या बुटाखाली करकरतात. विटकरी, राखी, क्वचित एखादी निळसर झिलईची. जमिनीवर क्षाराचा पांढरा थर आलेला असतो आणि तो पाऊल टाकताच फुटतो. एर्क-कलेच्या तटावर चढल्यावर खालच्या उंचवट्यांची रांग म्हणजे रस्ता आणि मधला सपाट खळगा म्हणजे चौक, हे हळूहळू उमगू लागते. सल्जुक सुलतान संजरची कबर मात्र कोणालाही पटकन भावेल अशी आहे. त्याच्या मृत्यूचे साल ११५७. पूर्वी तिच्या घुमटावर निळा मुलामा होता आणि तो एका दिवसाच्या वाटेवरून दिसे, असे याकूत या अरब भूगोलकाराने नोंदवले आहे. आज ती बरीचशी नव्याने दुरुस्त केलेली आहे, काहींना ती दुरुस्ती जरा जास्तच वाटते. मला अधिक आवडली ती मोठी किझ-कला ही गढी. तिच्या बाहेरच्या भिंती म्हणजे जणू एकमेकांना खेटून उभे केलेले ओंडके, आणि उतरत्या उन्हात त्यांच्यामधल्या खाचा सावलीने भरत जातात. तिथे मी बराच वेळ बसून होतो. गाइडही बसला होता, आणि निघण्याची घाई दोघांपैकी कोणालाच नव्हती.

भारतीय प्रवाशासाठी पूर्वेच्या बाजूने आणखी एक वजन पडते. ग्याउर-कलेत बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत. ज्ञात स्तूपांपैकी तो सर्वांत पश्चिमेकडच्यांमध्ये मोडतो, आणि तिथे सापडलेला चित्रांकित कुंभ अश्गाबादच्या राष्ट्रीय संग्रहालयात पाहता येतो. मारीच्या उत्तरेला वाळवंटात गोनूर-देपे हे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचे नगर आहे. पुरातत्त्वज्ञ व्हिक्टर सारियानिदी यांनी तिथे अनेक दशके उत्खनन केले. त्यात हत्तीचे चित्र आणि सिंधू लिपीतली अक्षरे असलेली हडप्पा शैलीची मुद्रा सापडली. हडप्पा संस्कृतीविषयी ज्याने थोडेफार वाचले आहे, त्याला त्या ओसाड जागी उभे राहून जे वाटेल, ते उर्गेंचच्या मोझेइकखाली वाटेलच असे नाही.

तरीही हा माझ्या आवडीचा कौल आहे. ज्यांना पडक्या भिंती वाचण्यात रस नाही, ज्यांच्याबरोबर मुले आहेत, किंवा वाळवंटातल्या तंबूत रात्र काढणे हेच ज्यांचे मुख्य आकर्षण आहे, त्यांना उत्तरेची वाट नक्कीच जवळची वाटेल. तुम्ही जाल तेव्हा रस्ता सुधारलेला असेल, तर माझ्या आक्षेपातली हवाही बरीच निघून जाईल. उत्तरेनेच जायचे असल्यास सीमा ओलांडल्यावर त्या दिवशी दाशोगुझलाच मुक्काम करावा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उर्गेंच गाठावे. गाइड, गाडी आणि हॉटेल यांचा एका दिवसाचा खर्च वाढतो, पण उर्गेंचला सकाळचे तास मिळतात.

पूर्वेची वाट निवडणाऱ्यांनी मारीत एकाऐवजी दोन रात्री मागून घ्याव्यात. महामार्ग चांगला असल्यामुळे एजन्सी बहुधा साधी मोटार पाठवते, आणि गोनूरच्या वाळूत ती रुतते. त्या दिवसापुरती चारही चाकांना जोर असलेली गाडी हवी, हे आरक्षणाच्या वेळीच लेखी मान्य करून घ्यावे. मारीत पोहोचल्यावर मागणी केली, तर तशी गाडी मिळेलच असे नाही.