शेक शॅक, फाइव्ह गाइज आणि इन-एन-आउट: कोणासाठी कोणते?

नोकरीनिमित्त अमेरिकेत गेलेल्या किंवा मुलांकडे काही महिन्यांसाठी राहायला आलेल्या मराठी माणसाला बर्गर म्हटले की मॅकडोनाल्ड्स आणि बर्गर किंग हीच नावे आधी आठवतात, कारण ती पुण्या-मुंबईतही आहेत. तिथल्या लोकांत मात्र ज्या दुकानांवरून हिरिरीने वाद होतात, ती वेगळी आहेत. न्यूयॉर्कचे शेक शॅक, व्हर्जिनियाचे फाइव्ह गाइज आणि कॅलिफोर्नियाचे इन-एन-आउट यांची नावे उच्चभ्रू बर्गरच्या अशा वादात हटकून निघतात. वास्तविक किमतीच्या दृष्टीने इन-एन-आउटला उच्चभ्रू म्हणणे कठीण आहे. तरीही दर्जाची चर्चा करताना त्याला वगळून इतर दोघांची तुलना कोणीच करत नाही, म्हणून येथेही ते घेतले आहे.

तिन्ही दुकानांचे मूळ आश्वासन एकच आहे: न गोठवलेल्या ताज्या बीफची पॅटी, ग्राहकाने मागणी नोंदवल्यानंतर ती भाजण्याची पद्धत आणि मोजकी खाद्यपदार्थांची यादी. मॅकडोनाल्ड्सने 2018 मध्ये अमेरिकेतील बहुतेक दुकानांत क्वार्टर पाउंडर या बर्गरसाठी ताजे मांस वापरायला सुरुवात केली, यावरून या आश्वासनाचे वजन बाजारात किती वाढले होते याचा अंदाज येतो. मात्र हे आश्वासन पाळण्याची प्रत्येकाची रीत निराळी आहे आणि निवड करणाऱ्याने लक्ष द्यायचे ते या निराळेपणाकडे.

इन-एन-आउटची सारी भिस्त संयमावर आहे. हॅरी आणि एस्थर स्नायडर या दांपत्याने 1948 मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या बाल्डविन पार्क येथे हे दुकान सुरू केले. गाडीतच बसून ध्वनिक्षेपकावरून मागणी सांगण्याची सोय तिथे पहिल्यापासून होती. कंपनी आजही कुटुंबाच्या मालकीची आहे, ती फ्रँचायझी देत नाही आणि स्वतःच्या मांसप्रक्रिया केंद्रांपासून फार दूर दुकान काढत नाही, कारण दुकानात फ्रीझरच नसतो आणि ताजा माल तिथवर वेळेत पोहोचावा लागतो. हॅम्बर्गर, चीजबर्गर, डबल-डबल (दोन पॅटी आणि दोन चीजचा बर्गर), फ्राइज आणि शेक यांपलीकडे फलकावर जवळजवळ काही नसते. सगळ्यांना ठाऊक असलेली एक ‘गुप्त’ यादी मात्र असते. त्यातील ‘ॲनिमल स्टाइल’ म्हणजे मोहरीचा सॉस लावून भाजलेली पॅटी, परतलेला कांदा, काकडीचे लोणचे आणि जादा स्प्रेड, म्हणजे तिथला खास सॉस. बर्गर उत्तम, ताजा आणि तिघांत सर्वांत स्वस्त. फ्राइज मात्र माझ्या मते या दुकानाची उणी बाजू आहे. बटाटे समोरच कापून सूर्यफुलाच्या तेलात एकदाच तळले जातात, त्यामुळे ते पाच मिनिटांत मऊ पडतात. मागताना ‘वेल डन’ असे सांगितले तर जरा अधिक कुरकुरीत मिळतात.

फाइव्ह गाइजची ओढ याच्या अगदी उलट, म्हणजे सढळपणाची आहे. जेरी आणि जेनी मरेल यांनी मुलांच्या कॉलेजसाठी साठवलेला पैसा घालून 1986 मध्ये व्हर्जिनियातील आर्लिंग्टन येथे पहिले दुकान काढले. पुढे 2000 नंतरच्या दशकात फ्रँचायझीमुळे ते देशभर पसरले. येथे साधा हॅम्बर्गर मागितला तरी दोन पॅटी येतात आणि एकच हवी असेल तर ‘लिटल’ म्हणावे लागते. परतलेला कांदा, मशरूम, हालापेन्यो मिरची, ढोबळी मिरची, टोमॅटो, तिखट सॉस असे पंधराएक प्रकार कितीही घेतले तरी त्यांचे वेगळे पैसे पडत नाहीत. फ्राइज शेंगदाण्याच्या तेलात तळतात, त्या दिवशीचे बटाटे कोणत्या गावाहून आले ते फळ्यावर लिहितात आणि कप भरल्यावर आणखी एक डाव फ्राइज पिशवीत ओततात. काउंटरजवळ वाट पाहताना खाण्यासाठी भाजलेल्या शेंगा ठेवण्याचीही या दुकानाची प्रथा आहे, त्यामुळे शेंगदाण्याची ॲलर्जी असणाऱ्याने या दारातून आत न जाणेच शहाणपणाचे. या सढळपणाची किंमत बिलात दिसते. बर्गर, फ्राइज आणि पेय मिळून माणशी वीस डॉलरच्या आसपास किंवा वर खर्च सहज होतो, आणि तेवढ्याच पैशांत इन-एन-आउटमध्ये जवळजवळ दोघांचे पोट भरते. दोघांत एकच फ्राइज मागवणे हा येथे काटकसरीचा नव्हे, तर तब्येतीचा सल्ला आहे.

शेक शॅकचा वारसा उपाहारगृहाचा आहे, हातगाड्यांचा नाही. गंमत अशी की त्याची सुरुवात मात्र हातगाडीनेच झाली. न्यूयॉर्कमधील नामवंत उपाहारगृहांचे मालक डॅनी मेयर यांनी 2001 मध्ये मॅडिसन स्क्वेअर पार्कमधील एका कलाप्रकल्पाच्या साह्यासाठी हॉट डॉगची गाडी लावली. ती इतकी चालली की 2004 मध्ये त्याच बागेत कायमचा स्टॉल उभा राहिला, आणि जानेवारी 2015 मध्ये एकवीस डॉलरला विक्रीस काढलेला कंपनीचा शेअर पहिल्याच दिवशी दुपटीहून वर गेला. त्यांची पॅटी तापलेल्या तव्यावर दाबून पातळ केली जाते, त्यामुळे कडा करपल्यासारख्या खमंग होतात, आणि ती मऊ, किंचित गोडसर बटाट्याच्या बनमध्ये येते. घास म्हणून पाहिले तर तिघांत हाच बर्गर सर्वांत नेटका आहे, असे माझे मत आहे. पोट भरण्याच्या हिशेबाने मात्र एका शॅकबर्गरवर मोठ्या माणसाचे भागत नाही, आणि डबल घेतला की बिल फाइव्ह गाइजच्या जवळ पोहोचते. त्यांच्या फ्राइज नागमोडी कापाच्या आणि गोठवलेल्या असतात. 2013 मध्ये त्यांनी ताजे बटाटे कापून तळण्याचा प्रयोग केला होता, पण गिऱ्हाइकांनाच जुने कुरकुरीत नागमोडी काप हवे होते, म्हणून कंपनीला माघार घ्यावी लागली. ‘ताजे म्हणजे चांगले’ हे सूत्र बटाट्याला सरसकट लागू पडत नाही, हे इन-एन-आउट आणि शेक शॅकच्या फ्राइज पाठोपाठ खाल्ल्या की कळते.

आता मराठी घरांतला खरा प्रश्न. बीफ न खाणारे, फक्त चिकन खाणारे, संपूर्ण शाकाहारी आणि अंडेही वर्ज्य असलेले लोक अनेकदा एकाच गाडीतून जेवायला निघतात, आणि तेव्हा वरची सारी चर्चा मागे पडून यादीत काय आहे यावरच निर्णय होतो. चिकन खाणाऱ्यासाठी शेक शॅक हे एकच उत्तर आहे, कारण तिथे तळलेल्या चिकनचा बर्गर मिळतो; फाइव्ह गाइजमध्ये चिकन नाही, हॉट डॉगही बीफचेच असतात, आणि इन-एन-आउटमध्ये बीफशिवाय दुसरे मांसच नाही. शाकाहाऱ्यांसाठीही शेक शॅक उजवे ठरते. चीज भरून कुरकुरीत तळलेल्या पोर्टोबेलो मशरूमचा तिथला बर्गर स्वतंत्र पदार्थ म्हणून रचलेला आहे, मांस काढून उरलेल्या बनसारखा नाही. फाइव्ह गाइजचा व्हेजी सँडविच म्हणजे पॅटीविना बन आणि त्यात फुकटचे सगळे प्रकार. परतलेला कांदा, मशरूम, हालापेन्यो आणि चीज घातले तर तो चवीला बरा लागतो, पण त्याला बर्गर म्हणणे ही उदारता झाली. इन-एन-आउटमध्ये यादीत न छापलेला ग्रिल्ड चीज, म्हणजे मांसाविना वितळलेल्या चीजचा बन, मिळतो आणि सोबत मागितल्यास पिवळ्या तिखट मिरच्या फुकट देतात. भाज्या, बन आणि मांस एकाच तव्यावर भाजले जातात का, याची चौकशी ज्यांना हा मुद्दा महत्त्वाचा वाटतो त्यांनी तिन्ही ठिकाणी काउंटरवरच करावी.

अंडे वर्ज्य असणाऱ्यांनी आणखी थोडी सावधगिरी बाळगायला हवी. फाइव्ह गाइजच्या बनमध्ये अंडे असते, इन-एन-आउटच्या स्प्रेडमध्ये असते, आणि शेक शॅकचे शेक ज्यापासून बनतात त्या आइस्क्रीमसारख्या फ्रोझन कस्टर्डमध्ये अंड्याचा बलक असतोच, कारण अमेरिकी नियमानुसार त्याशिवाय त्या पदार्थाला फ्रोझन कस्टर्ड म्हणताच येत नाही. आजीला व्हॅनिला शेक देण्यापूर्वी एवढे सांगून ठेवलेले बरे.

राहता राहिला भूगोल. न्यू जर्सीतल्या एडिसन किंवा जर्सी सिटीत राहणाऱ्यापुढे तीन पर्याय नसतातच, कारण इन-एन-आउट अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर नाही. तिथे स्पर्धा दोघांचीच आहे. लंडनमध्येही हेच दोघे समोरासमोर आहेत: 2013 च्या जुलैमध्ये फाइव्ह गाइज चार तारखेला आणि शेक शॅक पाच तारखेला, दोन्ही कॉव्हेंट गार्डनच्या परिसरातच उघडले. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात मात्र तिन्ही मिळतात, तेव्हा मिश्र खाणाऱ्या कुटुंबाने शेक शॅककडे वळावे, सगळेच मांसाहारी आणि भुकेले असतील तर फाइव्ह गाइजमध्ये जावे, आणि हात आखडून खर्च करणाऱ्या विद्यार्थ्याने किंवा रात्री उशिरा भूक लागलेल्याने इन-एन-आउटची रांग धरावी; ते मध्यरात्रीनंतर एक वाजेपर्यंत उघडे असते. लॉस एंजेलिस विमानतळावर काही तासांचा थांबा मिळाला तर विमानतळाशेजारच्या सेपुल्व्हेडा बुलेव्हार्डवरील इन-एन-आउटची शाखा सोयीची आहे, फक्त टॅक्सीने जायचे असल्यास गाड्यांच्या रांगेत न शिरता सरळ आत जाऊन मागणी द्यावी, कारण बाहेरची रांग जेवणाच्या वेळी बरीच लांबते.