बँक, बाजार की बिलं? छोट्या कारखान्याला पैसा कुठून उभा करावा

चाकण किंवा सातपूरमध्ये सुटे भाग बनवणारा, तीस-चाळीस कोटींची उलाढाल असलेला कारखाना डोळ्यांसमोर ठेवा. नव्या मशिनांसाठी आठ कोटी हवेत. सीए म्हणतो, बँकेत जा. मित्र म्हणतो, आयपीओ काढ, म्हणजे शेअर बाजारात लोकांना शेअर विकून पैसा उभा कर, सगळेच काढतायत.

बँकेचं गणित सोपं. हप्ता ठरलेला, व्याज खर्चात धरता येतं, मालकी शाबूत. सीजीटीएमएसई या छोट्या उद्योगांच्या कर्जांना हमी देणाऱ्या ट्रस्टची हमी एप्रिल 2025 पासून 10 कोटींपर्यंतच्या कर्जाला मिळते, म्हणजे घर-जमीन गहाण न टाकताही कर्ज मिळू शकतं. पण ही हमी बँकेसाठी असते. कर्ज थकलं तर वसुली तुमच्याकडूनच. आणि मंदी आली तरी हप्ता थांबत नाही.

बाजारातला पैसा परत करायचा नसतो, हे त्याचं खरं बळ. बीएसई आणि एनएसई या दोघांनीही 2012 मध्ये छोट्या कंपन्यांसाठी वेगळा मंच उघडला. इश्यूनंतरचं, म्हणजे नवे शेअर विकल्यानंतरचं, भरणा झालेलं भागभांडवल 25 कोटींपर्यंत असावं लागतं. हा आकडा शेअरच्या दर्शनी (कागदोपत्री मूळ) किमतीचा आहे, इश्यूच्या रकमेचा नव्हे. इथे भलेभले गोंधळतात.

किंमत मात्र दुसरीकडे मोजावी लागते. किमान पाव हिस्सा लोकांच्या हाती जातो. इश्यू हाताळणारा मर्चंट बँकर, कंपनी सेक्रेटरी, शेअरची सतत खरेदी-विक्री करणारा मार्केट मेकर, सहामाही निकाल हे सगळं मागे लागतं. रोखीतले व्यवहार, भावाच्या फर्मला दिलेली उचल, सगळं इश्यूच्या दस्तऐवजात छापून येतं. 2024 मध्ये दिल्लीतल्या दोन शोरूमच्या दुचाकी विक्रेत्याचा 12 कोटींचा इश्यू चारशेपटींहून जास्त भरला, म्हणजे शेअर होते त्याच्या चारशेपटींहून जास्त मागणी आली. त्यानंतर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने 2025 मध्ये नियम आवळले: मागच्या तीनपैकी दोन वर्षांत किमान 1 कोटीचा परिचालन नफा (मूळ धंद्यातला नफा) हवा, आणि प्रवर्तकांनी, म्हणजे मालकांनी, कंपनीला दिलेलं कर्ज इश्यूच्या पैशातून फेडता येत नाही.

माझं मत विचाराल तर, वही अजून मालकाच्या डोक्यात असेल तर आयपीओचं नाव काढू नका. हिशेब चोख आहेत, विस्तार मोठा आहे, हप्त्याचा भार पेलणार नाही, अशी स्थिती असेल तरच बाजार.

आणि पैसा मशिनांसाठी नको असून मोठ्या कंपनीकडे अडकलेल्या बिलांमुळे तंगी असेल, तर दोन्ही रस्ते चुकीचे. ट्रेड्सवर, म्हणजे छोट्या उद्योगांची बिलं बँकांना विकण्याच्या ऑनलाइन मंचावर, बिल चढवा. खरेदीदाराने ते मान्य केलं की बँका बोली लावतात, आणि पुढे त्याने पैसे बुडवले तरी वसुली तुमच्याकडून होत नाही.