होम्स आणि खजिन्याचे बेट ऐकताना: एकट्याचे अभिवाचन, श्रुतिका की मोफत ध्वनिमुद्रण?

आर्थर कॉनन डॉइलच्या शेरलॉक होम्सकथा किंवा रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनची ‘ट्रेझर आयलंड’ वाचण्याऐवजी ऐकायची असे ठरवणाऱ्याला पहिली अडचण येते ती निवडीची. एकाच कलाकाराने मूळ मजकूर शब्दशः वाचलेले व्यावसायिक ऑडिओबुक, अनेक नटांनी संगीत आणि ध्वनिपरिणामांसह सादर केलेली श्रुतिका, आणि स्वयंसेवकांनी घरी बसून केलेले मोफत वाचन, अशा तीन रूपांत हे साहित्य उपलब्ध आहे. कथानक तिन्हींत तेच असले तरी ऐकणाऱ्याच्या पदरात पडणारी कथा तीच असते असे नाही. माझे मत आधीच सांगतो: रहस्यकथेची पहिली भेट अखंड, म्हणजे काटछाट न केलेल्या, अभिवाचनातून व्हावी, साहसकथेला श्रुतिका अधिक मानवते, आणि मोफत ध्वनिमुद्रणे पारखून घेतली तर उत्तम, न पारखता घेतली तर मनस्ताप देणारी ठरतात.

वेळेचा हिशेब आधी पाहू, कारण अनेकांचा निर्णय त्यावरच ठरतो. होम्सच्या एकूण ४ कादंबऱ्या आणि ५६ लघुकथा आहेत. स्टीफन फ्राय यांनी ऑडिबल या ऑडिओबुक सेवेसाठी वाचलेला आणि २०१७ मध्ये प्रकाशित झालेला या कथांचा संपूर्ण संच सुमारे ७२ तासांचा आहे. बीबीसी रेडिओ ४ ने १९८९ ते १९९८ या काळात याच साठही कथांच्या श्रुतिका केल्या. त्यांत क्लाइव्ह मेरिसन होम्स आणि मायकेल विल्यम्स हे होम्सचा मित्र आणि बहुतेक कथांचा निवेदक असलेला डॉक्टर वॉटसन आहेत, आणि लेखनाची मुख्य धुरा बर्ट कूल्स यांच्याकडे होती. या मालिकेत एका लघुकथेला साधारण ४५ मिनिटे मिळतात, तर अखंड वाचनात तीच कथा तासाभराच्या आसपास जाते. लघुकथेपुरता हा फरक किरकोळ आहे. कादंबरीत मात्र तो मोठा होतो: ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ अखंड वाचायला सहा तासांहून अधिक वेळ लागतो आणि श्रुतिकेत ती दोन तासांत आटोपते. उरलेले चार तास कुठे गेले, हा प्रश्न निवड करणाऱ्याने जरूर विचारावा.

ते बहुतांशी वॉटसनच्या निवेदनात गेलेले असतात, आणि रहस्यकथेत निवेदन ही भरताड नसते. डॉइलने होम्सच्या बुद्धीचे कौतुक वॉटसनच्या तोंडून करवले, ही त्या रचनेची अर्धीच बाजू झाली. वॉटसन पाहतो पण त्याला उमगत नाही, आणि तो जे पाहतो ते प्रामाणिकपणे आपल्यापुढे मांडतो, त्यामुळे धागेदोरे समोर असूनही आपल्या हाती लागत नाहीत. एकच आवाज सलग वाचतो तेव्हा महत्त्वाचा तपशील आणि बिनमहत्त्वाचा तपशील एकाच पातळीवर कानावर पडतात. श्रुतिकेत तसे ठेवणे अवघड असते. जो तपशील ऐकू यावा म्हणून मुद्दाम संवादात घातला, तो घातला आहे हेच चाणाक्ष श्रोत्याला सुगावा देऊन जाते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे ‘द स्पेकल्ड बँड’. ही कथा जणू कानासाठीच लिहिली आहे. होम्सकडे आलेल्या हेलन स्टोनरच्या बहिणीला मरण्यापूर्वी काही रात्री पहाटे तीनच्या सुमारास हलकी शीळ ऐकू येत असते, आणि त्या शेवटच्या रात्री शिळेपाठोपाठ धातूची जड वस्तू पडल्यासारखा आवाज येतो. पुढे होम्स आणि वॉटसन त्याच खोलीत काळोखात बसून राहतात, गावातल्या चर्चचे घड्याळ दर पंधरा मिनिटांनी ठोके देते, बारा, एक, दोन, तीन वाजतात, आणि मग एक अगदी मऊ, सलग आवाज येऊ लागतो, ज्याला वॉटसन किटलीतून बारीक धारेने सुटणाऱ्या वाफेची उपमा देतो. वाचताना वा अभिवाचनात ही उपमाच आपल्याला मिळते. आवाज आपण मनात तयार करतो, तो वाफेसारखा करतो, आणि म्हणूनच फसतो. श्रुतिकेत मात्र कुणाला तरी तो आवाज प्रत्यक्ष निर्माण करावाच लागतो. तो स्पष्ट केला तर श्रोता होम्सच्या आधी ओळखून मोकळा होतो, अस्पष्ट केला तर हे कसले खुसफुसणे चालले आहे असे वाटते. काळोखातल्या त्या बैठकीचा ताण उभा करण्यात मात्र श्रुतिका अभिवाचनाला कितीतरी मागे टाकते. शांतता, ठोका, पुन्हा शांतता, हे नट आणि ध्वनिमुद्रकच करू जाणे. म्हणून ही कथा आधी अभिवाचनात आणि काही काळाने श्रुतिकेत ऐकावी, असे मी सुचवेन. उलट क्रमाने ऐकणाऱ्याचे कोडे वाया जाते.

दुसरी अडचण याहून चमत्कारिक आहे. १८९२ च्या ‘सिल्व्हर ब्लेझ’ या कथेत कुत्र्याने रात्री काहीच केले नाही, हाच मुख्य सुगावा आहे. न झालेला आवाज श्रुतिकेत कसा ऐकवणार? त्या रात्रीचा प्रसंग ध्वनींसह रंगवला, तर कुत्रा भुंकला नाही याकडे कुणाचे लक्षच जाणार नाही किंवा भलतेच लक्ष जाईल. मजकुरात तो तपशील सांगितलेल्या गोष्टींच्या ओघात दडून राहतो, आणि होम्सने बोट ठेवल्यावर आपण चडफडतो.

असे असले तरी अभिवाचनाच्या बाजूने सगळेच पारडे झुकलेले नाही. डॉइलच्या कितीतरी कथांत बेकर स्ट्रीटवर होम्सच्या घरी आलेला अशील पानेच्या पाने आपली हकीकत सांगतो, त्या हकीकतीत तिसऱ्याच माणसाचे बोलणे येते, आणि हे सगळे वॉटसन आपल्याला सांगत असतो. म्हणजे एकाच आवाजाला तीन पदर सांभाळावे लागतात. सामान्य अभिवाचकाच्या तोंडी हे ऐकताना कोण बोलत आहे याचा पत्ता लागत नाही आणि चित्त उडते. श्रुतिका अशी हकीकत सरळ प्रसंगात बदलते, अशिलाचा आवाज वेगळा, खलनायकाचा वेगळा, आणि गोंधळ संपतो. मेरिसन आणि विल्यम्स यांच्या जोडीची आणखी एक जमेची बाजू अशी की त्यांचा वॉटसन बावळट नाही. तो अनुभवी डॉक्टर आणि माजी सैनिक आहे, जसा तो मूळ कथांत आहे. दोघांमधली मैत्री, चिडचिड आणि थट्टा साठ कथांच्या प्रवासात ज्या तऱ्हेने मुरत जाते, ती कथा माहीत असलेल्यालाही पुन्हा ऐकायला लावते. म्हणजे रहस्य आधीच ठाऊक असेल तर माझा कौल उलटतो आणि श्रुतिकाच घ्यावी असे वाटते.

साहसकथेचे गणित निराळे आहे. तिथे काय घडेल याची ओढ असते, कुणी केले याची नव्हे, त्यामुळे श्रोत्याला आधी कळून जाण्याची भीती फारशी उरत नाही. ‘ट्रेझर आयलंड’ १८८३ मध्ये पुस्तकरूपाने आली, आणि तिचे कळीचे प्रसंग पाहिले तर स्टीव्हन्सनने ती कानाने लिहिली असावी असे वाटते. प्यू या आंधळ्या चाच्याची काठी गोठलेल्या रस्त्यावर टकटक करत जवळ येते. कथा सांगणारा मुलगा जिम हॉकिन्स सफरचंदांच्या पिंपात बसलेला असताना लाँग जॉन सिल्व्हर या चाच्याचा कट त्याच्या कानी पडतो आणि त्याला दिसत काहीच नसते. पुढे अंधारात तो लाकडी गढीत शिरतो तेव्हा सिल्व्हरचा पोपटच ओरडून त्याला उघडा पाडतो. या तिन्ही ठिकाणी श्रोता जिमच्याच जागी असतो. अमेरिकन नट-दिग्दर्शक ऑर्सन वेल्सच्या मर्क्युरी थिएटर या नाटकमंडळीने जुलै १९३८ मध्ये ही कादंबरी तासाभराच्या रेडिओ नाटकात बसवली. वेल्स स्वतः त्यात सिल्व्हरही झाला आहे आणि मागे वळून सांगणारा मोठा जिमही. ते ध्वनिमुद्रण आज इंटरनेट आर्काइव्ह या मोफत संग्रहावर ऐकता येते. एका तासात कादंबरीचा सांगाडाच उरतो, हे खरे. आवाजाची प्रतही त्या काळची, खरखरीत. परंतु साहसकथेला श्रुतिका काय देऊ शकते हे समजायला याहून चांगला तास सापडणार नाही. अखंड वाचन ऐकणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी: १६ ते १८ ही प्रकरणे जिमऐवजी डॉक्टर लिव्हसी सांगतो, आणि अभिवाचकाने आवाजाचा पोत बदलला नाही तर तिथे श्रोता हमखास वाट चुकतो.

‘हाउंड’ या दोन्ही प्रकारांच्या सीमेवर उभी आहे. ती रहस्यकथा आहे आणि इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या माळावरची साहसकथाही. सहाव्या प्रकरणाच्या आरंभी स्टेशनवर निरोप दिल्यानंतर अकराव्याच्या शेवटापर्यंत होम्स प्रत्यक्ष समोर येत नाही, आणि त्यातला मोठा भाग वॉटसनची पत्रे आणि रोजनिशी यांचा आहे. दोन तासांच्या श्रुतिकेत हाच भाग सर्वाधिक आकसतो, आणि माळावरचे ते लांबलेले, संशयाने भरलेले दिवस त्यासोबत जातात. रात्री माळावरून येणारा तो विव्हळ आवाज श्रुतिकेत अंगावर काटा आणतो हे मान्य करूनही मी इथे सहा तासांच्या बाजूने आहे.

काही कथा मात्र कोणत्याही श्राव्य रूपात अपुऱ्याच राहतात. ‘द डान्सिंग मेन’मधली सांकेतिक लिपी नाचणाऱ्या माणसांच्या चित्रांची आहे आणि ‘द प्रायरी स्कूल’मध्ये नकाशा आहे. अशा वेळी प्रोजेक्ट गुटेनबर्गवरचा मोफत मजकूर मोबाइलवर उघडून ठेवावा.

मोफत वाचनाचा सर्वांत मोठा साठा लिब्रिव्हॉक्सचा. ह्यू मॅग्वायर यांनी २००५ मध्ये माँट्रियलहून सुरू केलेल्या या उपक्रमात जगभरचे स्वयंसेवक स्वामित्वहक्क संपलेली पुस्तके वाचतात आणि आपले ध्वनिमुद्रणही सर्वांसाठी खुले करतात. येथे अभिवाचकाची निवड-चाचणी होत नाही. तपासणारा स्वयंसेवक चुका पाहतो, अभिनय जोखत नाही. त्यामुळे एकाच कादंबरीची अनेक ध्वनिमुद्रणे आढळतात आणि त्यांत काही व्यावसायिक दर्जाला टेकतील अशी असतात, तर काहींत मागे पंखा फिरत असतो. निवडताना ‘सोलो’ असे लिहिलेले पाहून घ्यावे, कारण सामूहिक वाचनात दर प्रकरणाला आवाज आणि उच्चार बदलतात, आणि वॉटसन एका प्रकरणात अमेरिकन तर पुढच्यात ऑस्ट्रेलियन होतो. रहस्यकथेसाठी ही तडजोड मी करणार नाही. होम्सच्या शेवटच्या कथांवरचा अमेरिकेतला स्वामित्वहक्क १ जानेवारी २०२३ रोजी संपला, त्यामुळे आता संपूर्ण होम्स या वाटेनेही कायदेशीरपणे मिळू शकतो.

मराठी माध्यमात शिकलेल्या श्रोत्यासाठी यात आणखी एक निकष येतो. व्हिक्टोरियन काळातले लांब इंग्रजी वाक्य कानाने पकडणे डोळ्यांनी वाचण्यापेक्षा कठीण आहे. एकट्याच्या अभिवाचनाचा वेग थोडा कमी करून ऐकता येते आणि अर्थ हाती लागतो; श्रुतिकेचा वेग बदलला की संगीत आणि ध्वनिपरिणाम बेढब होतात, शिवाय लंडनच्या रस्त्यावरची बोली बोलणारे नट वाटेत उभे राहतातच. आकाशवाणीच्या श्रुतिका ऐकत वाढलेल्या पिढीला नाट्यरूप आपलेसे वाटते खरे, पण ती ओळख मराठी संवादांची होती, हे विसरू नये. स्टोरीटेलसारख्या सेवेवर मराठीतून ऐकायचे असेल, तर घेतलेली कृती पूर्ण भाषांतर आहे, रूपांतर आहे की संक्षेप, हे आधी तपासावे, कारण वर सांगितलेला सगळा फरक तिथेही लागू होतो.

कुठे ऐकणार यालाही महत्त्व आहे. मुंबईच्या लोकलमध्ये किंवा पुण्याच्या रस्त्यावर दुचाकीचा आवाज कानावर आदळत असताना श्रुतिकेतली कुजबुज बुडते, आवाज वाढवावा तर पुढच्याच क्षणी पिस्तुलाचा बार कान फोडतो. अभिवाचनाची पातळी सम असते. स्वयंपाकघरात, प्रवासात अभिवाचन, आणि रात्री दिवे मालवून हेडफोनवर श्रुतिका, ही विभागणी मला व्यवहार्य वाटते.

नावांच्या सारखेपणापासून मात्र सावध राहावे. बेसिल रॅथबोन (होम्स) आणि नायजेल ब्रूस (वॉटसन) यांच्या १९३९ पासूनच्या अमेरिकन रेडिओ मालिकेतल्या अनेक कथा डॉइलच्या नाहीत, आणि बीबीसीची २००२ पासूनची ‘फर्दर ॲडव्हेंचर्स’ ही मालिका, जिच्यात अँड्र्यू सॅक्स वॉटसन आहेत, ती मूळ कथांत नुसता उल्लेख आलेल्या प्रकरणांवरून बर्ट कूल्स यांनी नव्याने रचली आहे. दोन्ही ऐकण्याजोग्या आहेत. फक्त मूळ होम्स ऐकला असे समजून कुणी त्या घेऊ नयेत.

नव्या श्रोत्याने प्रारंभ १८८७ च्या ‘अ स्टडी इन स्कार्लेट’ने करू नये, जरी क्रमाने ती पहिली असली तरी. तिच्या दुसऱ्या भागात कथा अचानक लंडन सोडून अमेरिकेतल्या युटाला जाते, वॉटसनचा आवाज नाहीसा होतो, आणि केवळ कानावर विसंबलेल्या माणसाला चुकीची फाइल लागली की काय अशी शंका येते. ‘द स्पेकल्ड बँड’चे तासाभराचे अभिवाचन आधी घ्यावे, ते रुचले तर ‘हाउंड’ अखंड ऐकावी, आणि ७२ तासांच्या संचाचा किंवा बीबीसीच्या मालिकेचा विचार त्यानंतर करावा.