ओकावांगो की चोबे? बोत्स्वानाचं तिकीट काढण्याआधी

मसाईमारा पाहून झालं की वन्यजीवांचं वेड लागलेल्या माणसाला बोत्स्वाना खुणावू लागतो. मग प्रश्न पडतो तो ओकावांगोचा त्रिभुज प्रदेश की चोबे नदीचा काठ, असा. दोन्हीकडे पुराचं पाणी पसरतं, दोन्हीकडे हत्ती आहेत, पण खर्चात जमीन-अस्मानाचा फरक. सुट्टी आणि पैसा दोन्ही हाताशी असेल तर दोन्ही करावं. एकच जमणार असेल तर माझं मत स्पष्ट आहे. घरचे ज्येष्ठ किंवा मुलं बरोबर असतील आणि भरपूर प्राणी पाहायचे असतील, तर चोबे. पाण्यात उभं असलेलं जंगल अनुभवायचं असेल, तर ओकावांगोच. ती तहान चोबेवर भागत नाही.

आधी पाण्याचं गणित समजून घ्या, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं. आपल्याकडे पाऊस आणि पूर बरोबरच येतात. ओकावांगोत तसं नाही. पाऊस पडतो तो अंगोलाच्या उंच प्रदेशात, साधारण डिसेंबर ते मार्च. ते पाणी बोत्स्वानात उतरतं आणि पपायरस या उंच पाणवनस्पतीच्या दाट वाढीतून, वाळूतून गाळून निघत अगदी सावकाश पसरतं, कारण जमिनीला उतार नावापुरताच आहे. पूर ऐन भरात असतो तो जून ते ऑगस्टमध्ये. तोवर तिथला स्थानिक पाऊस थांबून काही महिने झालेले असतात आणि आजूबाजूचं रान कोरडं पडलेलं असतं. म्हणून प्राणी पाण्याकडे येतात. या नदीला समुद्र भेटतच नाही. तिचं बहुतेक पाणी हवेत उडून जातं किंवा झाडं पिऊन टाकतात. २०१४ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत हजारावं स्थळ म्हणून ओकावांगोची नोंद झाली.

चोबे ही नामिबियाच्या सीमेवरची नदी. तिची पातळी बरीचशी झांबेझीच्या पुरावर अवलंबून असते. एप्रिल-मेच्या सुमारास काठची कुरणं पाण्याखाली जातात आणि पुढे हळूहळू उघडी पडतात. आतल्या मोपाने झाडांच्या जंगलातले पाणवठे आटले की हत्तींना नदीशिवाय पर्याय उरत नाही. कसाने गावातून दुपारची बोट घ्या. नदीच्या मधोमध सेदुदू बेट आहे, ज्यावर नामिबियाचाही दावा होता आणि १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ते बोत्स्वानाला दिलं. त्या बेटावरच्या गवतासाठी हत्तींचा कळप पोहत जातो. खोल पाण्यात पाठी दिसेनाशा होतात, वर राहतात फक्त सोंडांची टोकं. पिल्लू आईला चिकटून, तिच्या अंगाचा आधार घेत पुढे सरकतं. हे दृश्य बोटीच्या खुर्चीत आरामात बसून बघता येतं, गुडघे दुखणाऱ्या माणसालासुद्धा. पुकू हे हरीण बोत्स्वानात पाहायचं तर इथेच. उणी बाजू एकच, गर्दी. चांगल्या हंगामात एका सिंहाभोवती गाड्यांचा घोळका होतो आणि राष्ट्रीय उद्यानात रस्ता सोडून गाडी घालता येत नाही.

ओकावांगोचं सुख निराळं आहे. तिथे मोकोरोत बसायचं. ही अरुंद, उथळ होडी पूर्वी झाडाचं खोड कोरून करत; आता झाडं वाचावीत म्हणून बहुतेक फायबरग्लासची असते. नावाडी मागे उभा राहून लांब काठीने तळाशी रेटा देतो. तुमची नजर कमळांच्या पातळीवर येते. बोरूच्या काडीवर नखाएवढा रंगीत बेडूक चिकटलेला दिसतो, लेच्वे हरणांच्या उड्यांनी उडणारं पाणी ऐकू येतं. पाणघोड्यांचे डोह नावाडी लांबूनच टाळतो. इथे दिवसभरात चोबेइतके प्राणी मोजून होणार नाहीत, हे मनाशी पक्कं करूनच जा.

आपल्या सुट्ट्यांचा विचार करायलाच हवा. मे महिन्यात चोबेला पाणी भरपूर, पण हत्ती अजून जंगलात विखुरलेले असतात. ओकावांगोत मात्र पूर पसरत असतो आणि हवा सुखद असते. त्यामुळे मेच्या सुट्टीला मी ओकावांगो सुचवेन. दिवाळी ऑक्टोबरात आली तर चोबे: ऊन चाळिशीच्या आसपास जातं, पण काठावर हत्तींची रीघ लागलेली असते. तेव्हा ओकावांगोचं पाणी ओसरत असतं. पूर दरवर्षी सारखा येत नाही, २०१९ साली तो फारच कमी होता. मोकोरोसाठीच जात असाल तर कॅम्पभोवती बारमाही पाणी आहे का, हे आधी विचारा.

खर्चाचं बोलायचं तर ओकावांगोच्या आतल्या नामांकित कॅम्पमध्ये हंगामात माणशी एका रात्रीला हजार डॉलरहून जास्त सहज लागतात, कारण मोजकेच पर्यटक आणि चढे दर हे तिथलं धोरणच आहे. बऱ्याच ठिकाणी छोट्या विमानाने जावं लागतं. सामान साधारण २० किलो आणि तेही मऊ बॅगेत. कडक सुटकेस चालत नाही. अनेक कॅम्प लहान मुलांना घेत नाहीत. चोबेला कसानेत साध्या लॉजपासून सगळं मिळतं, आणि व्हिक्टोरिया धबधबा जेमतेम ८० किलोमीटरवर आहे.

मधला मार्गही आहे आणि तो फार कमी लोक विचारात घेतात. त्रिभुज प्रदेशाच्या कडेला असलेल्या माउन गावात राहून स्थानिक नावाड्यांच्या ओकावांगो कोपानो मोकोरो कम्युनिटी ट्रस्टमार्फत दिवसाची मोकोरो फेरी करायची आणि मग रस्त्याने ख्वाईला जाऊन तंबूत राहायचं. मोरेमी अभयारण्याच्या सीमेवरचा हा भाग रानकुत्र्यांसाठी नावाजलेला आहे. धूळ आणि खडखडाट सोसणाऱ्यांसाठी हा उत्तम पर्याय.

भारतीय पासपोर्टवर व्हिसा आधी काढावा लागतो. धबधब्याहून एक दिवसासाठी चोबेला आलात तरीही. मुलांचे जन्मदाखले जवळ ठेवा. हिवतापाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. वाटेत केनिया किंवा इथिओपियात मुक्काम असेल तर पीतज्वराची लस किमान दहा दिवस आधी घ्या. शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच कळवा, आतल्या कॅम्पमध्ये किराणा विमानाने किंवा ट्रकने येतो. आणि दोन्ही ठिकाणं करणार असाल तर चोबे आधी ठेवा: मोठे कळप पोटभर पाहून झाले की मोकोरोत बेडूक बघायला सवड मिळते.