रंगाप्रमाणे दर: कोल्हापुरातल्या एका केनेलमधून घेतलेले डॅशहाऊंड

गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही डॅशहाऊंड जातीची एक मादी घेतली. शहराच्या पूर्वेला महामार्ग ओलांडल्यावर उसाच्या फडांना लागून एक केनेल आहे, तिथून. पिल्लू घरी आणल्याच्या आठवड्यात लिहिलेले परीक्षण फारसे कामाचे नसते, कारण त्या आठवड्यात सगळीच पिल्ले गोंडस दिसतात आणि सगळेच विक्रेते सज्जन वाटतात. म्हणून वर्षभर थांबलो. केनेलचे नाव देत नाही. मालकाशी माझे भांडण झालेले नाही आणि पुढे सांगितलेली मुख्य चूक त्यांनी जाणूनबुजून केली असेल असे मला वाटत नाही.

आधी चांगले सांगतो. जागा स्वच्छ आहे. जुलै-ऑगस्टच्या झडीतही पिंजऱ्यांची फरशी कोरडी होती, वास नव्हता, आणि पिल्ले आईपाशीच होती. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचे नाही हा २०१७ च्या श्वानपैदास नियमांतला दंडक मालक पाळतात. आम्ही सहा आठवड्यांच्या पिल्लावर बोट ठेवले तेव्हा त्यांनी विसार घेतला, पण पिल्लू दिले नाही. लसीकरणाच्या कार्डावर लशीचे स्टिकर आणि डॉक्टरांची सही दोन्ही होते. याच नियमांनुसार राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे करावी लागणारी नोंदणी दाखवा म्हटल्यावर मात्र ‘रिन्युअलला दिलीय’ असे उत्तर मिळाले, आणि वर्षभरानंतरही ती रिन्युअललाच आहे.

आता दरपत्रकाविषयी. काउंटरच्या मागे एक लॅमिनेट केलेला कागद लावलेला आहे आणि त्यावर केवळ रंग आणि आकडे आहेत: रेड १२,०००, ब्लॅक अँड टॅन १५,०००, चॉकलेट १८,०००, ब्लू २५,०००, डॅपल ३०,००० आणि सर्वांत खाली, लाल अक्षरांत, रेअर व्हाइट ४५,०००. आपल्याकडच्या बैलबाजारातही गिऱ्हाईक खिल्लार कोसा आहे की काजळी हे बघते, परंतु त्याआधी खांदा बघते, खूर उचलून बघते, दात मोजते. इथे रंग हाच दात आणि रंग हाच खूर. ज्या जातीत लांब पाठीमुळे मणक्यातली चकती सरकण्याचा धोका मोठा असतो, त्या जातीचे पिल्लू विकताना आईवडिलांच्या पाठीविषयी एक शब्दही कोणी काढला नाही, हे आधी नोंदवून मग रंगांकडे वळतो.

डॅशहाऊंड ही मूळची जर्मनीतली, बिळात शिरून बिज्जूची शिकार करण्यासाठी पैदास केलेली जात. आखूड केसांची, लांब केसांची आणि राठ केसांची असे तिचे तीन प्रकार आहेत. कोल्हापूरच्या पावसात पोट जमिनीला घासत चालणाऱ्या या कुत्र्याला आखूड केसच सोयीचे, कारण फडक्याने दोनदा पुसले की काम होते. रंगांची नावे इंग्रजीत ऐकली की गुंतागुंतीची वाटतात, पण मुळाशी रंगद्रव्ये दोनच: एक काळे आणि एक तांबडे. काळे द्रव्य एका जनुकामुळे तपकिरी झाले की ‘चॉकलेट’, दुसऱ्या जनुकामुळे फिके पडून राखी झाले की ‘ब्लू’. दोन्ही एकत्र आले की जो फिकट करडा रंग येतो त्याला ‘इसाबेला’ म्हणतात. वाघासारखे पट्टे असतील तर ‘ब्रिंडल’, आणि गडद अंगावर कोणीतरी चुन्याचा हात मारून अर्धवट पुसल्यासारखे फिके, वेडेवाकडे ठिपके असतील तर ‘डॅपल’. इतर जातींत यालाच ‘मर्ल’ म्हणतात. जनावरांच्या रंगांसाठी आपल्या भाषेत कबरा, बांडा, अबलख, पंचकल्याणी असे शब्द असताना या कागदावर एकही मराठी नाव नाही याचे मला थोडे वाईट वाटले. ऋग्वेदात यमाच्या दोन कुत्र्यांना ‘चतुरक्ष’ आणि ‘शबल’ म्हटले आहे. शबल म्हणजे कबरा, आणि चतुरक्ष म्हणजे डोळ्यांवर दोन ठिपके असल्यामुळे चार डोळ्यांचा वाटणारा, असा अर्थ लावला जातो. दोन्ही विशेषणे दोघांनाही लावलेली आहेत; काउंटरवरच्या भाषेत सांगायचे तर दोघेही एकाच वेळी ब्लॅक अँड टॅन आणि डॅपल.

आम्ही गेलो होतो डॅपल घ्यायलाच. मुलीने मोबाईलवर बघून ठरवले होते. वेतात पाच पिल्ले होती: दोन डॅपल, एक तांबडे, एक काळे-बदामी आणि एक जवळजवळ पांढरे, कानाजवळ व शेपटीच्या मुळाशी राखी डाग असलेले, दोन्ही डोळे निळे. हेच ते रेअर व्हाइट. मालक ते तळहातावर घेऊन म्हणाले, “काका, ह्यो पीस आक्ख्या कोल्हापुरात दुसऱ्या कुणाकडं मिळायचा न्हाई.” पिल्लू सुंदर होते यात शंका नाही. मात्र त्याचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा लहान होता आणि बाहुली गोल नसून एका बाजूला ओघळल्यासारखी दिसत होती. मी ते खाली ठेवायला सांगितले आणि पाचही पिल्ले पेंगल्यावर त्यांच्या मागे, त्यांना दिसणार नाही असा, मोटरसायकलच्या किल्ल्यांचा जुडगा वाजवला. चार माना वर झाल्या. पांढरे पिल्लू भावंडाच्या पोटावर हनुवटी टेकून तसेच झोपून राहिले. दुसऱ्यांदा वाजवला, तरी तसेच.

असे का होते हे आमच्या पशुवैद्यांनी पूर्वी एकदा समजावले होते. डॅपल रंग एका जनुकाच्या एका प्रतीमुळे येतो. ती प्रत आईवडिलांपैकी एकाकडूनच आली तर पिल्लू ठिपकेदार आणि सहसा ठणठणीत असते. दोघांकडून आली तर रंगपेशी इतक्या कमी उरतात की अंगाचा मोठा भाग पांढरा पडतो, आणि ऐकू येण्यासाठी आतल्या कानात याच पेशी लागत असल्यामुळे पिल्लू बहिरे निघण्याची शक्यता बरीच वाढते. डोळे लहान राहणे, बाहुलीत व्यंग असणे, क्वचित डोळा तयारच न होणे हेही त्यातूनच येते. दोन डॅपल कुत्र्यांचे मेटिंग केले तर सरासरी चार पिल्लांमागे एक असे दुहेरी निघते, आणि म्हणूनच कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या ब्रिटनच्या केनेल क्लबने दोन मर्ल पालकांच्या पिल्लांची नोंदणीच बंद केली आहे. थोडक्यात, जे पिल्लू दरपत्रकावर सर्वांत महाग होते, ते खरे तर या वेतातले सर्वांत अडचणीतले पिल्लू होते.

मी मालकांना विचारले की दोन डॅपल एकत्र का लावले. त्यांनी मनापासून हरकत घेतली. नर डॅपल होता हे खरे, पण मादी तर स्वच्छ तांबडी होती. तिला बाहेर आणून त्यांनी माझ्यासमोर उभे केले आणि म्हणाले, “बघा की, हिच्या अंगावर कुठं ठिपका हाय?” खरोखरच नव्हता. गूळ उकळत आला की काहिलीत जो रंग येतो, त्या एकसारख्या रंगाची, तुकतुकीत कातडीची मादी होती ती. मात्र उजेडाकडे तिचे तोंड वळवल्यावर डाव्या तपकिरी डोळ्यात, खालच्या बाजूला, नखाच्या कोरीएवढी निळी फाक दिसली.

सगळा प्रकार त्या फाकेत होता. डॅपलचे जनुक काळ्या द्रव्यावर काम करते. तांबड्या द्रव्यावर त्याचा प्रभाव दिसत नाही. त्यामुळे पूर्ण तांबडे किंवा क्रीम रंगाचे कुत्रे हे जनुक बाळगून असले तरी अंगावर त्याची खूण नसते. जन्मानंतर काही आठवडे कानांच्या टोकांवर पुसट ठिपके असतात आणि तेही पुढे मिसळून जातात. कधीकधी डोळ्यातला निळा तुकडा एवढाच पुरावा उरतो. तांबड्या मादीला डॅपल नर लावण्यापूर्वी तिचे आईवडील कोणत्या रंगाचे होते हे विचारणे किंवा जनुकीय चाचणी करून घेणे हा सोपा उपाय आहे. मालकांनी ही मादी दोन वर्षांची असताना दुसऱ्याकडून घेतली होती आणि तिच्या आईवडिलांविषयी त्यांना काहीच ठाऊक नव्हते. रंगाप्रमाणे दर लावणाऱ्याला रंग कसा येतो हे ठाऊक नसणे, हीच माझी या केनेलविषयीची मुख्य तक्रार आहे. त्यांनी लबाडी केली असती तर हे परीक्षण लिहायला सोपे गेले असते.

त्याच वेतातली काळी-बदामी मादी आम्ही घेतली. मुलगी थोडी हिरमुसली, पण काळ्या अंगावर डॅपल सहसा लपत नाही, त्यामुळे हिच्यात ते नसावे असा अंदाज बांधता आला. पुढे कधी वेत घ्यायचे ठरले तर तेवढी चिंता कमी. तांबडे पिल्लू स्वस्त होते, परंतु आईसारखे तेही काय पोटात घेऊन बसले आहे हे चाचणीशिवाय कळणार नव्हते. आमच्या मादीचे नाव आम्ही लवंगी ठेवले, आणि सव्वा किलोच्या त्या जिवाने पहिल्याच रात्री मांजराला ज्या प्रकारे दारापर्यंत हाकलले त्यावरून नाव चुकले नाही असे म्हणता येईल. तब्येत उत्तम आहे. जंत सोडले तर वर्षभरात दवाखान्याची पायरी लसीपुरतीच चढलो. याचे श्रेय केनेलला द्यायलाच हवे.

कागदपत्रांचा अनुभव मात्र तितका बरा नाही. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या नोंदणीसाठी वेगळे ४,००० रुपये घेतले गेले आणि मायक्रोचिपही बसवली गेली, पण प्रमाणपत्र हाती आले तेव्हा रंगाच्या रकान्यात ‘चॉकलेट अँड टॅन’ असे होते, कारण केनेलने अर्जच तसा भरला होता. चॉकलेट कुत्र्याचे नाक आणि डोळ्यांच्या कडा तपकिरी असतात. त्याच्या अंगावर काळा केस येऊच शकत नाही. लवंगीचे नाक पाटीसारखे काळे आहे. फोन केला तेव्हा ‘ट्यूबलाइटमध्ये तसं दिसलं आसंल’ असे सांगण्यात आले. दुरुस्तीचा अर्ज करायला त्यांना तीन महिने लागले. पैसे पुन्हा मागितले नाहीत, एवढे खरे.

याच केनेलमधून पिल्ले घेतलेल्या दोन शेजाऱ्यांचे अनुभवही सांगण्यासारखे आहेत. राजारामपुरीतल्या एका कुटुंबाला पाठीवर काळी झाक असलेले तांबडे पिल्लू ‘हे मोठं झाल्यावर काळंच राहतंय’ असे सांगून काळ्याच्या दराने दिले गेले. पाच महिन्यांत ती झाक गळून पडली आणि आज तो कुत्रा नखशिखांत तांबडा आहे. कुत्रा गोड आहे आणि त्यांची काही तक्रार नाही, फक्त तीन हजार रुपये जास्त गेले. दुसऱ्यांनी ब्लू घेतला होता. राखी रंगाच्या काही कुत्र्यांत केस विरळ होऊन कातडी कोरडी पडण्याचा विकार दिसतो आणि तो रंग फिका करणाऱ्या जनुकाशीच निगडित आहे. त्याला कायमचा उपाय नसतो, कातडी जपायची असते. या कुत्र्याच्या पाठीवरचे केस दहाव्या महिन्यात जाऊ लागले तेव्हा केनेलने त्यांना गोचिडांचा स्प्रे विकला.

नियमांच्या दृष्टीने पाहिले तर रंगाचे हे दरपत्रक आणखी विचित्र ठरते. केनेल क्लब ऑफ इंडिया ज्या आंतरराष्ट्रीय महासंघाशी संलग्न आहे, त्या एफसीआयच्या मानकात (क्रमांक १४८) डॅशहाऊंडच्या अंगावर पांढरा रंग इष्ट मानलेला नाही. एखादा लहान ठिपका फार तर खपवून घेतला जातो. प्रदर्शनात ज्या रंगापायी गुण कापले जातील, त्या रंगाला इथे तांबड्याच्या जवळजवळ चौपट किंमत आहे. गिऱ्हाईक मागते म्हणून आम्ही ठेवतो, हे मालकांचे म्हणणे खोटे नाही. मीही डॅपलच मागायला गेलो होतो.

ग्रूमिंग आणि बोर्डिंगसाठी मी हे केनेल बिनदिक्कत सुचवीन. गेल्या दिवाळीत लवंगी तिथे पाच दिवस होती, फटाक्यांच्या आवाजापासून दूर ठेवली गेली, आणि नखेही व्यवस्थित कापून मिळाली. पिल्लू घ्यायचे असेल तर दिवसाच्या उजेडात जावे, आईवडील दोन्ही प्रत्यक्ष पाहावेत, तांबडे कुत्रे असेल तर त्याचे डोळे उजेडाकडे वळवून बघावेत आणि किल्ल्या सोबत न्याव्यात. पांढऱ्या पिल्लाची मी नंतर चौकशी केली. गणपतीच्या आधीच ते इचलकरंजीकडच्या कोणाला तरी विकले गेले होते, पूर्ण किमतीला. त्याला ऐकू येत नसावे हे घेणाऱ्याला सांगितले का, असे विचारल्यावर मालक म्हणाले, “आमाला बी कुठं म्हाईत व्हतं काका, तुमी सांगितल्यावर कळलं.” मी सांगितले होते ते विक्रीच्या तीन आठवडे आधी.

पाचपैकी अडीच तारे देतो, त्यांपैकी दोन स्वच्छतेचे आहेत. मागच्या महिन्यात नखे कापायला गेलो तेव्हा ती तांबडी मादी दिसली नाही. तिला आता मेटिंगला लावत नाही असे कामावरच्या मुलाने सांगितले, आणि ते ऐकून बरे वाटले. काउंटरमागचा कागद नवा केलेला आहे. रेअर व्हाइटची ओळ त्यावर नाही. डॅपलच्या खाली ‘मर्ल’ अशी एक नवीन ओळ आली आहे, आणि तिचा दर डॅपलपेक्षा ५,००० रुपयांनी जास्त आहे.